आर्तव आणि हार्मोन : नाव सापडलं म्हणजे निदान झालं का?



मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणविचार पाहिला. एखादी गोष्ट खरी आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते कशाच्या आधारावर म्हणतो, हा तो प्रश्न होता. शेवटी काही जणींनी सुचवलं की हे सगळं एखाद्या रोजच्या विषयाला लावून दाखवा. म्हणून आज विषय घेतला आहे तो मासिक पाळीच्या तक्रारी आणि त्यांच्याकडे पाहण्याची आयुर्वेदाची दृष्टी.

सुरुवातीलाच एक खुलासा. आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागतं ते तत्त्वज्ञानामुळे. तेव्हा नाडी दाखवायला कुणी हात पुढे करू नये. कोणतं औषध किती घ्यायचं हे आज इथे मिळणार नाही. आपण पाहणार आहोत ते शब्दांकडे. आजारपणात शब्द फार काम करतात. चुकीचा शब्द लागला की माणूस चुकीच्या दारात जाऊन बसतो आणि त्यात महिने जातात, कधी वर्षं जातात.

हल्ली सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो : ‘पीसीओएसला आयुर्वेदात काय म्हणतात?’ प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे. ते असं की आज सापडलेल्या प्रत्येक आजाराला जुन्या ग्रंथात एक नाव असणारच, फक्त ते शोधायचं बाकी आहे. आज आपण हे गृहीतकच तपासणार आहोत.

संहितांमध्ये नेमकं काय आहे?

पुष्कळ आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसावा अध्याय योनिव्यापदांवर आहे. सुश्रुतसंहितेत उत्तरतंत्रातला अडतिसावा अध्याय याच विषयावर आहे, शिवाय शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात आर्तवाचा विचार येतो. स्त्रियांच्या या व्याधींची संख्या वीस मानली आहे.

आर्तव म्हणजे ऋतूशी संबंधित ते. आपण अन्न खातो, त्याचा रस होतो आणि त्या रसापासून उपधातू म्हणून रज तयार होतं, अशी मांडणी आहे. सुश्रुत सांगतात की ते बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतं आणि पन्नाशीच्या सुमारास थांबतं. चरक शुद्ध आर्तवाची लक्षणं देतात : महिन्याने येणारं, चिकट नसलेलं, जळजळ आणि वेदना नसलेलं, पाच रात्री टिकणारं, फार जास्त नाही आणि फार कमीही नाही. रंगासाठी दिलेल्या उपमा बघा. गुंज, लाल कमळ, अळिता आणि पावसाच्या सुरुवातीला मातीत दिसणारा तो मखमली लाल किडा.

आता इथे थोडं थांबू. हे ज्याने लिहिलं त्याने लक्ष देऊन विचारपूस केलेली आहे. किती दिवस, किती प्रमाण, कसा रंग, दुखतं का, आग होते का. आपल्याकडे आजही पुष्कळ घरांत या गोष्टी कुणी विचारत नाही. ‘अंगावरून जास्त जातंय’ एवढंच वाक्य कुजबुजत बोललं जातं आणि विषय संपतो. म्हणजे विचारण्याची जी पद्धत ग्रंथात आहे, तीच घरातून हरवलेली आहे.

हार्मोन हा शब्द कुठून आला?

‘हार्मोन’ हा शब्द १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने लंडनमधल्या आपल्या व्याख्यानांत वापरला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतवणं, चालना देणं. शरीराच्या एका भागात तयार होणारं रसायन रक्तातून दुसऱ्या भागाकडे जातं आणि तिथे काम घडवून आणतं, ही ती कल्पना. इस्ट्रोजन गटातलं पहिलं संप्रेरक वेगळं काढलं गेलं ते १९२९ साली.

आता हार्मोनची कल्पना आणि वात-पित्त-कफाची कल्पना या दोन वेगळ्या जातीच्या कल्पना आहेत. हार्मोन हा एक पदार्थ आहे. तो मोजता येतो, त्याची रचना कागदावर काढता येते. वात हा त्या अर्थाने पदार्थ नाही. शरीरात जी जी गती आहे, जे जे पुढे सरकतं, बाहेर पडतं, आखडतं, त्या सगळ्यामागचं तत्त्व म्हणून वाताची कल्पना केलेली आहे. पाळीचा स्राव, मल, मूत्र, गर्भ यांना खाली नेणारा तो अपान वायू. वाताशिवाय स्त्रीची योनी दूषित होत नाही, असं चरक म्हणतात तेव्हा ते एखाद्या रसायनाबद्दल बोलत नसतात.

म्हणून ‘अपान वायू म्हणजेच प्रोजेस्टेरॉन’ किंवा ‘पित्त म्हणजेच इस्ट्रोजन’ अशी समीकरणं ऐकली की सावध व्हावं. ही समीकरणं आयुर्वेदाला मोठं करत नाहीत. उलट त्याची स्वतःची मांडणी पुसून त्याला दुसऱ्याच्या शब्दकोशातला एक कच्चा पर्याय बनवतात.

पुष्पघ्नीचं उदाहरण

आता पीसीओएसकडे येऊ. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. पाळी न येणं, अंगावर जास्त केस आणि मोठ्या झालेल्या बीजग्रंथी हे त्यांना एकत्र दिसलं. पुढे २००३ साली रॉटरडॅमला निकष ठरले. पाळी आणि बीजनिर्मिती अनियमित असणं, पुरुषी संप्रेरकं जास्त असल्याच्या खुणा असणं, सोनोग्राफीत बीजग्रंथींत अनेक छोटे कोश दिसणं, या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात आणि तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार आधी वगळायला हवेत.

गंमत बघा, पीसीओएस हे नावही फारसं नेमकं नाही. ज्यांना ‘सिस्ट’ म्हणतात त्या खऱ्या अर्थाने गाठी नसतात, वाढ अर्धवट थांबलेले बीजकोश असतात. तरी ‘तुमच्या ओव्हरीत गाठी आहेत’ हे ऐकून घरोघरच्या मुली घाबरतात. म्हणजे नावाचा गोंधळ फक्त जुन्या ग्रंथांच्या बाजूला आहे असं समजू नका.

आता आयुर्वेदात पीसीओएस शोधणारे अनेक जण काश्यपसंहितेकडे बोट दाखवतात. तिच्या रेवतीकल्पात ‘पुष्पघ्नी’ नावाचा प्रकार आहे. त्या स्त्रीला पाळी येते पण ती निष्फळ जाते आणि तिचे गाल भरलेले, केसाळ असतात. हे वाचल्यावर वाटतं, सापडलं! गालावर केस आहेत, मूल होत नाही, अंगाने स्थूल आहे. हाच तो आजार.

पण पूर्ण वर्णन वाचू या. ग्रंथ म्हणतो की तिची पाळी वेळेवर येते. पीसीओएसचं तर सर्वांत ओळखीचं लक्षण म्हणजे पाळी वेळेवर न येणं. दुसरी गोष्ट, रेवती ही तिथे व्याधी म्हणून येत नाही. ती जातहारिणी आहे, म्हणजे अधर्माने वागणाऱ्या स्त्रीला धरणारी, तिची संतती हिरावणारी दैवी शक्ती. तेव्हा पुष्पघ्नी म्हणजे पीसीओएस असं म्हणायचं, तर निम्मं वर्णन सोडावं लागतं आणि त्यामागची सगळी कारणमीमांसा झाकून ठेवावी लागते.

न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. जो हेतू साध्याशिवाय इतरत्रही आढळतो, त्यावरून अनुमान करता येत नाही. गालावर केस अनेक कारणांनी येतात. त्यावरून हाच आजार असं ठरत नाही. आता झाकलेला भाग काय करतो ते बघा. ‘ग्रंथात आहे’ या आधारावर औषध दिलं जातं, आणि त्याच ग्रंथातली ‘हिचंच काहीतरी चुकलं असणार’ ही भावना नकळत त्या मुलीच्या माथी येते. सासरी मूल न झालेल्या बाईला ही भावना वेगळी शिकवावी लागत नाही.

चरकांचं एक सांगणं

मग काय, आयुर्वेदाकडे या आजारासाठी काहीच नाही का? इथे चरकांचं एक फार मोलाचं सांगणं आपल्या मदतीला येतं. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात ते सांगतात की एखाद्या विकाराला नाव देता आलं नाही तर वैद्याने लाजू नये, कारण सगळ्याच विकारांना ठरलेली नावं नसतात. पाहायचं ते हे की दोष कोणता बिघडला, कुठे बिघडला, कशामुळे बिघडला.

केवढं हे धैर्य आहे! आणि आपण काय करतो? ज्या शास्त्राने स्वतःच म्हटलं की प्रत्येक रोगाला नाव असायलाच हवं असं नाही, त्याच शास्त्राच्या नावाने प्रत्येक इंग्रजी आजाराला संस्कृत नाव चिकटवत बसतो. चरकांच्या मार्गाने जाणारा वैद्य म्हणेल, ‘हे तुमचं पीसीओएस मला त्या नावाने ग्रंथात सापडत नाही. पण तुझी भूक, झोप, वजन, पाळी, मन यांचं काय चाललंय ते सांग.’ हे उत्तर प्रामाणिक आहे आणि उपयोगीही आहे. कारण आधुनिक वैद्यकसुद्धा या तक्रारीत आहार, व्यायाम, झोप यांनाच पहिलं स्थान देतं. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी केल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. दोघांची कारणमीमांसा वेगळी, पण सल्ला जवळचा. एवढं मान्य करायला नावांची ओढाताण करावी लागत नाही.

वर्णन कुठे उपयोगी पडतं, कुठे अपुरं पडतं

तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, उदावर्ता. वेग अडवल्याने वायू उलटा वर फिरतो, कष्टाने पाळी येते आणि स्राव मोकळा झाला की लगेच बरं वाटतं, असं चरकांचं वर्णन आहे. अनेक तरुण मुलींची पहिल्या दिवसाची कळ अशीच असते. पोट शेकणं, तेल लावणं, गरम पातळ खाणं हे वातावरचे उपाय घराघरांत आहेत आणि शेकण्याने वेदना कमी होते हे आधुनिक चाचण्यांतही दिसलं आहे. पण हेच वर्णन उलट बाजूनेही वापरता येतं. स्राव सुरू झाल्यावरही वेदना ओसरत नाही, दिवसेंदिवस राहते, शौचाच्या वेळी किंवा संबंधाच्या वेळी दुखतं, असं असेल तर ते या वर्णनात बसत नाही. मग ‘हे काय, सगळ्यांनाच होतं’ म्हणून शेकत बसू नये. एंडोमेट्रिओसिससारखा आजार ओळखायला वर्षं लागतात, ती याच वाक्यामुळे.

दुसरं, असृग्दर, म्हणजे अति रक्तस्राव. सुश्रुत त्याचे परिणाम सांगतात : अशक्तपणा, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, तहान, पांढुरकेपणा. आज आपण ज्याला रक्तक्षय म्हणतो त्याचंच हे चित्र वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. उपचारात तुरट द्रव्यं आहेत. चरकांचं पुष्यानुग चूर्ण मध आणि तांदळाच्या धुवणाबरोबर घ्यायला सांगितलं आहे. पुढच्या ग्रंथांत अशोकाच्या सालीला मान मिळाला.

आणि इथे झाडाचाच घोळ बघा. आपल्याकडे शाळेच्या, सोसायटीच्या कुंपणालगत सरळ उंच वाढणाऱ्या झाडाला लोक अशोक म्हणतात. तो औषधातला अशोक नव्हे. औषधातला तो सीताअशोक, केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा. तो दुर्मीळ होत चालला आहे आणि बाजारात सालीत भेसळ होते. म्हणजे नाव एक आणि वस्तू दुसरी. साल खरी मिळाली तरी एक प्रश्न उरतोच. रक्त का जातंय? गाठ आहे, थायरॉइड आहे, की आणखी काही? ते साल सांगत नाही. त्यासाठी तपासणी लागते. चरकांनी आप्तवचनाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही प्रमाणं मानली. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी ही आजच्या काळातली प्रत्यक्षाची साधनं आहेत. ती नाकारणं हा ग्रंथाचा आदर नव्हे.

तिसरं, नष्टार्तव, म्हणजे पाळी बंद होणं. दोषांनी मार्ग अडवला म्हणून आर्तव दिसत नाही, असं सुश्रुत सांगतात आणि मासे, कुळीथ, तीळ, उडीद, आंबट पदार्थ, मद्य असे उष्ण उपाय देतात. आज दुकानात ‘पाळी आणणाऱ्या’ गोळ्या मिळतात. त्यांत कोरफडीचा वाळवलेला रस, हिंग, टाकणखार, हिराकस असतं. इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. पाळी चुकली की कोणतीही गोळी घेण्याआधी गर्भ नाही ना, हे पाहावं. ‘मार्ग अडला आहे’ या शब्दांत दोन अगदी वेगळ्या अवस्था सामावतात आणि बाईच्या दृष्टीने त्यांतला फरक आयुष्याएवढा आहे.

रजस्वलेचे नियम कुणासाठी?

हा मुद्दा नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. सुश्रुतांनी पाळीच्या तीन दिवसांसाठी नियम सांगितले आहेत. दिवसा झोपू नये, काजळ घालू नये, रडू नये, स्नान करू नये, केस विंचरू नये, धावू नये, फार हसू-बोलू नये, दर्भाच्या अंथरुणावर निजावं. आज हे नियम ‘स्त्रीला विश्रांती मिळावी म्हणून’ होते असं सांगितलं जातं. ऐकायला बरं वाटतं. पण ग्रंथ स्वतः कारण काय देतो? ती दिवसा झोपली तर मूल झोपाळू होईल, काजळ घातलं तर आंधळं होईल, रडली तर त्याची दृष्टी बिघडेल. हा सगळा विचार होणाऱ्या संततीसाठी आहे. संदर्भ गर्भाधानाचा आहे.

आणि विश्रांतीच म्हणावी, तर दिवसा झोपायला मनाई कशी? आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो की नियम आणि त्याचं कारण एकत्र वाचा. कारण बदललं की तो नियम दुसराच होतो. ज्या बाईला त्या दिवसांत विश्रांती हवी, तिला ती तिच्या शरीरासाठी, तिच्या म्हणण्यानुसार मिळाली पाहिजे. त्यासाठी ग्रंथाच्या तोंडी नसलेलं कारण घालायची गरज नाही.

घाईचं नाव दोन्हीकडे

आता दुसरी बाजू. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न गाजला. तरुण वयात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची संख्या तिथे फार मोठी होती. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर दंड. फडावर संडास नाही, पुरेसं पाणी नाही, पहाटेपासून मोळ्या वाहायच्या. अशात अंगावरून जातं, पोट दुखतं, म्हणून बाई दवाखान्यात जाते. ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य तिला ऐकवलं जातं. आणि पिशवी काढली जाते.

इथे आयुर्वेद कुठेच नव्हता. सगळं आधुनिक होतं. पण चूक तीच होती. तक्रार पूर्ण न ऐकता एक नाव लावलं आणि त्या नावाच्या जोरावर निर्णय झाला. गर्भाशयाबरोबर बीजग्रंथीही काढल्या, तर संप्रेरकं एकदम थांबतात आणि तिशीतल्या बाईची हाडं ठिसूळ व्हायला लागतात. तिला खरं काय हवं होतं? तपासणी, साधी औषधं, लोह, पाणी, संडास आणि खाडा न धरता मिळणारे दोन दिवस.

म्हणून ‘आयुर्वेद की ॲलोपॅथी’ हा वाद आम्हाला इथे दुय्यम वाटतो. बाईचं म्हणणं कोण पूर्ण ऐकतं आणि आपलं अनुमान तपासायला कोण तयार आहे, यावर तिचं बरं होणं ठरतं.

काही चिठ्ठ्या

वेळ थोडा आहे. तीन चिठ्ठ्या घेतो.

एका ताईंनी विचारलंय, शतावरी घेऊ का? शतावरी ग्रंथांत मानाची आहे. तिच्यावर झालेल्या चाचण्या मात्र बहुतेक छोट्या आहेत. ज्यांना स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या गाठीचा त्रास झालेला आहे, ज्यांची संप्रेरकांची औषधं चालू आहेत, त्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्हीकडची औषधं सांगा. लपवू नका. धातूंची भस्मं असलेली औषधं तर शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीशिवाय नकोतच, मूल हवं असेल तेव्हा अजिबात नकोत.

दुसरी चिठ्ठी : जाहिरातीत ‘पाळीच्या सर्व तक्रारींवर खात्रीशीर’ असं असतं, ते खरं मानावं का? देशात १९५४ पासून औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. त्यात स्त्रियांच्या पाळीच्या तक्रारी दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. ‘खात्रीशीर’ हा शब्द दिसला की तिथेच शंका घ्यावी.

तिसरी एका आजींची आहे. पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आता पुन्हा थोडं लाल दिसतंय, उष्णता असेल का? आजी, थांबू नका. पाळी गेल्यानंतर दिसलेलं रक्त, थोडं असलं तरी, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं. ‘उष्णता’ हे नाव नंतर पाहू. बाकीच्यांनीही ऐकून ठेवा : तासातासाला पॅड भिजणं, आठ दिवसांच्या वर स्राव चालणं, तीन महिने पाळी न येणं, वेदनेने काम बंद पडणं, या गोष्टी सहन करायच्या नसतात, दाखवायच्या असतात.

पुढच्या व्याख्यानात आपण चरकांच्या विमानस्थानातला वादविचार घेऊ. दोन वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी याचे नियम तिथे आहेत. आजचे प्रश्न मनात ठेवून या, ते तिथे उपयोगी पडतील.